शिवेपार गेलेली अडगळ

पोळ्याची दुसरी सकाळ. पुरते उजाडलेले नाही. गोंदिया जिल्ह्यातील खेड्यांत या वेळी गल्लीगल्लीतून आरोळ्या उठतात. आदल्या दिवशी दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या, ज्यांना इकडे मेढे म्हणतात, उपटून हातात घेतल्या जातात. कुठे मातीची, कुठे काड्या-चिंध्यांची बाहुली त्यांच्यासोबत असते. काही गावांत घरातला केर आणि झिजलेला झाडूही त्याच वरातीत निघतो. खोकला, पडसे, ढेकूण, डास, रोगराई, सगळे घेऊन जा, असे तिला ओरडून सांगत लोक गावाच्या शिवेपर्यंत चालत जातात. तिथे ते सारे फेकतात किंवा जाळतात आणि घरी परततात. ही मारबत.

घर आवरण्याविषयी, अडगळ काढण्याविषयी हल्ली पुष्कळ लिहिले-बोलले जाते. मारी कोंडो या जपानी लेखिकेच्या २०११ च्या पुस्तकाने तर आवराआवरीचे जणू शास्त्रच जगभर नेले. कोणती वस्तू ठेवावी आणि कोणती टाकावी, हा त्या शास्त्राचा मुख्य प्रश्न. आपल्याकडच्या जुन्या रीती पाहिल्या, तर निराळे दोन प्रश्न पुढे येतात. टाकलेले जाते कुठे? आणि ते नेतो कोण? आजचा धागा या दोन प्रश्नांचा आहे. लांबलेला आहे, सवडीने वाचावा.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत टाकाऊ वस्तूंना एकच नाव नाही. झाडून निघतो तो केर. कागदाची होते ती रद्दी. लोखंड-पत्र्याचे होते ते भंगार. आणि जे टाकवत नाही, वापरातही नाही, नुसते वाटेत येते, ती अडगळ. भालचंद्र नेमाडे यांनी २०१० साली आलेल्या ‘हिंदू’ या कादंबरीच्या उपशीर्षकात हाच शब्द योजला आणि त्याला ‘समृद्ध’ असे विशेषण जोडले. त्या विशेषणावरून वाद झाले. पण अडगळ म्हणजे केवळ कचरा नव्हे, ही मराठी कानाची जाण त्या नावात नेमकी उतरली आहे.

शेशंभर वर्षांपूर्वीच्या झाडीपट्टीतील घर डोळ्यांपुढे आणा. मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. धान साठवायला बांबूची ढोली, पाखडायला सूप, वाहायला टोपल्या, स्वयंपाकाला व पाण्याला मडकी. या घरात अडगळ साचायला वाव थोडा होता. मडके फुटले की त्याचे खापर होई आणि खापर मातीत जाई. बांबूची वस्तू मोडली की चुलीत जाई. लोखंडाचा फाळ झिजला की लोहाराकडे जाऊन दुसरे काही होऊन येई. लुगडे विरले की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरे. उरलेला केर, चुलीची राख आणि गोठ्यातले शेण उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्याच्या तोंडाशी खत होऊन शेतात परते. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, या म्हणीत उपरोध आहे, तसे एक साधे निरीक्षणही आहे. उकिरडा ही शेवटची जागा नव्हती.

मग मारबतीबरोबर जे जाते ते काय? वस्तूंच्या या फेऱ्यात न बसणारे जे उरे ते. म्हणजे मुख्यतः आजार.

दिवसाची निवड पाहावी. विदर्भात पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, त्याची कर असते. गोंदिया हा धानाचा मुलूख. या सुमारास रोवणी आटोपलेली असते आणि दोन महिन्यांच्या पावसाने घर ओल धरून असते. अंथरुणांत ढेकूण, बांधीत साचलेले पाणी, त्यावर डास, आणि थोड्याच दिवसांत थंडीतापाचा हंगाम. जुन्या काळी पटकी पसरे तीही बहुधा पावसाळ्यातच. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत सिद्ध केला. मारबतीच्या आरोळीत ढेकूण-डास आणि ताप-खोकला एका दमात येतात. लोकांना कारण माहीत होते, असा दावा करण्याचे काही कारण नाही. ही दोन्ही माणसे एकाच वेळी घरात शिरतात, एवढे मात्र त्यांनी पाहून ठेवले होते. (डासांना ‘माणसे’ म्हटल्याबद्दल क्षमा असावी, मारबतीला हाक मारणारे त्यांच्याशी तसेच बोलतात.)

घरातली पीडा हाकलण्याची कल्पना केवळ झाडीपट्टीची नाही. ग्रंथांतही ती आहे. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण केला. त्यात जुन्या वचनाच्या आधारे दिवाळीतील एक विधी नोंदला आहे. मध्यरात्र उलटली, लोक अर्धवट झोपेत असले की नगरातील स्त्रियांनी सुपे आणि डिंडिम वाजवत अलक्ष्मीला आपापल्या अंगणातून बाहेर घालवावे. लक्ष्मीपूजनाला नव्या केरसुणीची पूजा आजही घरोघरी होते. सूप वाजवत अक्काबाईला हाकलण्याची रीत जुन्या घरांतून आता आठवणीपुरती उरली आहे.

दोन्ही विधी शेजारी ठेवले की फरक दिसतो. अलक्ष्मी प्रत्येक घराची वेगळी असते. तिला ज्याने त्याने आपल्या अंगणाबाहेर काढायचे. पुढे ती कोणाच्या दारात जाते, याची चौकशी त्या विधीत नाही. मारबत सगळ्या गावाची एक असते आणि तिची हद्द उंबरठ्यापाशी संपत नाही, शिवेपाशी संपते. घरातली घाण शेजाऱ्याच्या दारात लोटणे आणि सगळ्यांनी मिळून ती गावाबाहेर नेणे यांत मोठे अंतर आहे. माझ्या मते झाडीपट्टीच्या रीतीचे मोल इथे आहे. तिची मर्यादाही इथेच आहे, कारण शिवेपलीकडे दुसरे गाव असते.

त्या मर्यादेकडे वळण्यापूर्वी नागपूरला एक फेरी मारू, कारण मारबत म्हटले की बहुतेकांना नागपूर आठवते. तिथे काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असे मानले जाते. काळी मारबत भोसले घराण्यातील बाकाबाईंची, इंग्रजांना साथ दिल्याचा राग धरून काढलेली, असे परंपरा सांगते. पूतना राक्षसीची कथाही तिच्याशी जोडतात. पण अडगळीच्या दृष्टीने पाहायचे ते मारबतीसोबतच्या बडग्याकडे. आज बडग्या म्हणजे महागाई, भ्रष्टाचार किंवा एखादा पुढारी यांवर टीका करणारा मोठा पुतळा. मूळचा बडग्या पोरांचा. मुले मोहल्ल्यात फिरून कागद, काटक्या, चिंध्या, पडलेला कचरा गोळा करत आणि त्याचा माणूस उभा करत. म्हणजे जे टाकायचे त्यालाच हातपाय द्यायचे, त्याची वरात काढायची आणि शेवटी त्याला जाळायचे. मोहल्ला झाडून काढण्याचा इतका आनंदी उपाय नगरपालिकेला कधी सुचला नसता.

आता शिवेपलीकडे.

एकोणिसाव्या शतकात मध्य प्रांतात पटकीच्या साथी पुन्हापुन्हा येत. साथ आली की गाव काय करी, याचे एक वर्णन जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथात मध्य प्रांतातून घेतले आहे. सूर्यास्तानंतर सगळे आपापल्या घरात जात. पुजारी गल्लीतून फिरत आणि प्रत्येक घराच्या छपरातली एक काडी काढून घेत. त्या काड्या गावाच्या पूर्वेकडील देवस्थानापाशी तांदूळ, तूप आणि हळदीसह जाळल्या जात. शेंदूर माखलेल्या कोंबड्या धुराच्या दिशेने पळवून लावत. त्या रोग घेऊन जातील ही समजूत. कोंबड्यांनी भागले नाही तर बकऱ्या आणि शेवटी डुकरे. प्रत्येक घरातून एक काडी हा तपशील मला विलक्षण वाटतो. घर सगळे जाळता येत नाही, म्हणून घराच्या वतीने त्याची एक काडी जाळायची. मारबतीच्या सकाळी प्रत्येक दारातून निघणारी पळसाची फांदी हीच भाषा बोलते.

कोंबड्या धुराच्या दिशेने गेल्या, तर त्या पोचल्या कुठे? दुसऱ्या गावात. महाराष्ट्राच्या इतर भागांत मरीआईचा गाडा असे. साथ आली की गाव देवीचा गाडा ओढत आपल्या शिवेपार नेऊन सोडी. पुढचे गाव तो आपल्या हद्दीत ठेवून घेईल, हे शक्य नव्हते. तेही तो पुढे ढकली. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात ओळखला आणि रोग दूषित पाण्यातून पसरतो हे हळूहळू सर्वमान्य झाले. एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन गावांच्या मधली शीव पटकीला दिसत नव्हती. ती फक्त माणसांना दिसत होती.

दुसरा प्रश्न उरला, नेतो कोण? मारबतीच्या दिवशी सगळे गाव नेते. पण वर्षाचे उरलेले दिवस? गावात मेलेले जनावर ओढून नेणे, चावडीपुढची जागा झाडणे, ही कामे गावगाड्याने ठरावीक जातींवर, मुख्यतः महारांवर, टाकली होती. घर आपले, पण घरातून निघालेल्या घाणीचा धनी दुसरा, अशी ही व्यवस्था. मेलेली गाय ही गोठ्यातली सर्वांत मोठी अडगळ. जिवंतपणी ती लक्ष्मी. मेल्यावर तिला हात लावणारा अस्पृश्य. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. ती चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सर्वांच्या स्मरणात आहे. मेलेली गुरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडा, हेही तिथे बजावून सांगितले गेले. त्यानंतर अनेक गावांत सवर्णांना प्रथमच आपली मेलेली जनावरे स्वतः हलवावी लागली आणि नकार देणाऱ्यांवर बहिष्कार पडले. घर आवरण्याच्या इतिहासात हा प्रसंग कोणी घालत नाही. तो घालायला हवा.

या कथेला आणखी एक बाजू आहे. आपल्या घरातले काय टाकायचे, हे दुसऱ्याने ठरवले तर?

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि लवकरच पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या नेतृत्वाखालील समितीने मार्चमध्ये घरझडत्या सुरू केल्या. गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरात शिरत, माजघर आणि देवघरापर्यंत जात. रोगी सापडला की त्याला इस्पितळात आणि घरच्यांना विलग छावणीत पाठवत. जमीन उकरत, भिंतींना चुना फासत आणि संसर्ग झाल्याचा संशय असलेले सामान बाहेर काढून जाळत. कपडे, अंथरुणे, लाकडी वस्तू. मुंबईत ज्या घरांत माणसांनी राहू नये असे ठरे, त्यांवर तशी आद्याक्षरे रंगवत. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यामागची कारणे अनेक आहेत आणि त्यांवर स्वतंत्र धागा लागेल. इथे एवढेच पाहू की रस्त्यावर जळणारी गोधडी सरकारी नोंदीत ‘संसर्गित वस्तू’ होती आणि घरातल्या बाईला ती तिच्या आईच्या लुगड्यांची म्हणून माहीत होती.

इतिहासाचा उपरोध असा की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे फ्रेंच संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखवून दिले. तेही लगेच मान्य झाले नाही. धान्याच्या पोत्यांमागे आणि माळ्यावरच्या अडगळीत उंदीर राहतो, म्हणून अडगळ काढण्याला अर्थ होताच. मात्र ती हिसकावून काढल्यावर लोक सामान लपवू लागले, रोगी लपवू लागले. मारबतीला जे गाव आपणहून ओरडत नेते, तेच शिपाई उचलू लागला की छातीशी कवटाळले जाते.

एकीकडे दुसऱ्यावर लादलेली सफाई, दुसरीकडे सरकारने लादलेली. या दोन्हींतून वाट काढणारा माणूस विदर्भातच जन्मला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातले शेंडगाव, जात परीट. लोकांनी त्यांना गाडगेबाबा म्हटले ते हातातल्या मातीच्या गाडग्यामुळे. त्यांचा वेश नीट आठवून पाहा. चिंध्या जोडलेला अंगरखा. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. खाण्यापिण्याला फुटके गाडगे. म्हणजे गावाने उकिरड्यावर टाकलेल्या वस्तूंचाच हा वेश. नागपूरची मुले कचऱ्यातून बडग्या करत. या माणसाने तो कचरा स्वतःच्या अंगावर घातला आणि हातात खराटा घेतला.

बाबा गावात येत आणि कोणाशी न बोलता रस्ता झाडू लागत. थोड्या वेळाने एखादा लाजून मदतीला येई, मग दुसरा, मग पाटील. संध्याकाळपर्यंत गाव झाडून होई आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेत कीर्तन. कीर्तनात प्रश्न विचारत आणि उत्तरे श्रोत्यांकडूनच काढून घेत. विषय तेच: कर्ज काढून सण करू नका, नवसाला जनावर मारू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शिकवा. घाण ही अमक्या जातीने काढायची नसते, हे त्यांनी सांगण्याआधी करून दाखवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. महाडमध्ये एका बाजूने नाकारलेले काम सगळ्यांनी वाटून घ्यावे, हे दुसऱ्या बाजूने खराटा सांगत होता. ती दोन टोके तिथे भेटली, असे मला वाटते. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोनच आठवडे झाले होते.

त्यांच्या नावाने २०००-०१ मध्ये राज्याने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. ग्रामविकासमंत्री होते आर. आर. पाटील. गावांत चुरस लागली, रस्ते झाडले गेले, भिंती रंगल्या, बक्षिसे मिळाली. गोंदिया जिल्हा तेव्हा नवाच होता. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला होता. अभियानाने पुष्कळ काही साधले. पण परीक्षक समितीच्या भेटीसाठी झाडलेला रस्ता आणि लाज वाटून झाडलेला रस्ता यांत फरक असतो, हे बाबांना सांगावे लागले नसते.

आणि या सगळ्या काळात घरातली वस्तूच बदलून गेली. शहरांत बोहारीण जुन्या कपड्यांवर स्टीलचे भांडे देऊन जाई. खेड्यांत सायकलवरून भंगारवाला येई आणि अजूनही येतो. ज्याला भाव आहे ते त्याच्याकडे जाते. ज्याला भाव नाही ते राहते: पातळ पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोल, तुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, फाटलेल्या सिंथेटिक साड्या ज्यांची गोधडी नीट होत नाही. उकिरडा यांना पचवत नाही. उकिरड्याचा फेरा इथे तुटला, म्हणून करीच्या पहाटे पळसाच्या फांद्यांबरोबर हेही शिवेवर जाऊन पडण्याची वा जळण्याची भीती आहे. पळस जळतो आणि राख उरते. प्लास्टिक जळते आणि त्याचा धूर खोकला घेऊन जात नाही, खोकला घेऊन येतो. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला देशभर बंदी घातली आणि ५,००० ते २५,००० रुपये दंड ठरवला. मारबत बंद करावी असे यातून निघत नाही. तिच्यात काय घालायचे, एवढे मात्र पुन्हा ठरवावे लागेल, आणि ते गावानेच ठरवले तर टिकेल.

शिवेविषयीची एक गोष्ट राहिली. गोंदियाच्या उत्तरेला बालाघाट जिल्हा आहे. १८६७ मध्ये तो निर्माण झाला तेव्हा त्यात भंडाऱ्याचाही मुलूख गेला. पुढे भंडारा महाराष्ट्रात आला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. बाघ आणि वैनगंगा या नद्या काही अंतर दोहोंमधली सीमा होऊन वाहतात. दोन्ही तीरांवर पोवार आहेत, धान आहे, पोळा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे अलीकडे मारबत निघते. त्याच पहाटे पलीकडेही लोक तसेच ओरडत निघतात. तिकडे तिला नारबोद म्हणतात, आणि तेही तिला आपल्या गावाच्या शिवेपार नेऊन टाकतात.